बोटीवरची बाल्कनी म्हणजे चाळीतली गॅलरी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही सिॲटलला राहता, नाशिकहून आईबाबा येणार आहेत आणि जूनमध्ये व्हँकुव्हर ते स्यूअर्ड अशी सात रात्रींची अलास्का क्रूझ ठरवताय. शेजारी शेजारी दोन बाल्कनीच्या केबिन घ्यायच्या आहेत. त्या कुठल्या घ्याव्यात? बाबांची सकाळची पूजा, आईंचे धुतलेले कपडे आणि चार वर्षांची लेक हे सगळं त्या बाल्कनीत बसवायचं कसं? शेजाऱ्यांना त्रास नको आणि सात दिवस आपण चोरासारखंही वागायला नको.

मी वेंगुर्ल्याचा. तेरा वर्षं क्रूझवर हाउसकीपिंगमध्ये काढली, पहिली सहा वर्षं केबिनची झाडलोट करणारा स्टुअर्ड म्हणून, पुढची सुपरवायझर म्हणून. त्यातले चार उन्हाळे अलास्कात गेले. बाल्कनीत मी स्वतः कधी बसलो नाही, पण किती हजार बाल्कन्या पुसल्या असतील याचा हिशोब नाही. तेव्हा जे सांगतो ते झाडू-फडक्याच्या बाजूने पाहिलेलं आहे.

पैसे मोजताना वाटतं, आपण समुद्रावर छोटीशी गच्ची विकत घेतली. आपल्या लोकांना पटकन कळावं म्हणून मी वेगळं सांगतो: ती गिरगावातल्या चाळीची गॅलरी आहे. मध्ये पार्टिशन घातलंय एवढंच. ते पार्टिशन बहुतेक बोटींवर वर छतापर्यंत किंवा पुढे कठड्यापर्यंत पूर्ण भिडत नाही. शेजारचा खोकला, वरच्याची खुर्ची, खालच्याचा धूर सगळं तुमच्याकडे येतं आणि तुमचंही तिकडे जातं. चाळीत वाढलेल्या माणसाला बाल्कनीची रीत वेगळी शिकवावी लागत नाही. अडचण होते ती बंगल्यातल्या माणसाची.

ही चैन तशी नवीच. 1984 साली साउदॅम्प्टनला प्रिन्सेस डायनाच्या हस्ते 'रॉयल प्रिन्सेस' या बोटीचं नामकरण झालं, तेव्हा तिच्यावरच्या सगळ्या केबिन बाहेरच्या बाजूला आहेत आणि त्यातल्या बऱ्याच बाल्कनीच्या आहेत याचंच अप्रूप होतं. मुंबई-गोवा फेऱ्यांमुळे आपल्याकडे माहीत झालेली 'एम्प्रेस' 1990 ची आहे, तिच्यावर बाल्कन्या मोजक्याच. आज मोठ्या बोटीच्या अंगावर मधमाशीच्या पोळ्यासारख्या बाल्कन्या दिसतात. म्हणजे शेजारीही तेवढेच.

आता केबिन कुठली घ्यायची ते. पैसे देण्याआधी डेक प्लॅन, म्हणजे बोटीच्या मजल्यांचा नकाशा, उघडा आणि तुमच्या केबिनच्या वर काय, खाली काय ते बघा. वर आणि खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर डोळे मिटून घ्या. वर स्विमिंग पूलचा डेक किंवा बुफे असेल तर सोडा. पहाटे पाच वाजता डेकवरच्या खुर्च्या ओढायला सुरुवात होते आणि तो आवाज छतातून थेट उशीवर येतो. खाली लाइफबोटी असतील तर खाली पाहिल्यावर पाण्याऐवजी नारिंगी टप दिसतात. लाइफबोट थेट समोर असेल तर त्या केबिनच्या नावात 'ऑबस्ट्रक्टेड' असं लिहिलेलं असतं. अशी केबिन स्वस्त मिळते आणि काहींना चालतेही, पण अलास्काला जाऊन लाइफबोटीचं बूड कशाला बघायचं?

आईबाबांसाठी बोटीच्या मध्यावरची, मधल्या किंवा खालच्या डेकवरची केबिन घ्या. पाळण्याच्या मध्यभागी बसलेल्याला झोका कमी लागतो, तसंच ते. अगदी पुढच्या केबिनमध्ये नांगराची साखळी सुटताना घर कोसळल्यासारखं वाटतं. अगदी मागच्या बाल्कन्या मोठ्या आणि देखण्या असतात, मागे सोडलेल्या पाण्याची लांबलचक रेघ दिसते. पण चिमणीची काजळी कधीकधी तिथेच उतरते आणि पांढऱ्या कुर्त्यावर काळे ठिपके पडतात.

डावी की उजवी, हा प्रश्न अलास्काच्या बाबतीत सगळे विचारतात. तुम्ही व्हँकुव्हरहून वर जाताय, म्हणजे मुख्य भूमीचा किनारा उजव्या हाताला राहील. दोन्ही सारख्या किमतीत मिळत असतील तर उजवी घ्या. पण डावी मिळाली म्हणून हळहळू नका. इनसाइड पॅसेजमध्ये, म्हणजे किनारा आणि बेटांमधल्या जलमार्गात, दोन्ही बाजूंना बेटं आणि डोंगर असतात, आणि हिमनदीसमोर कॅप्टन बोट सावकाश गोल फिरवतो, सगळ्यांना दर्शन होतं. पंढरपुरातल्यासारखी ढकलाढकली नाही.

एक गोष्ट मात्र बुकिंगच्या वेळीच करा. 'गॅरंटी' नावाचा स्वस्त पर्याय असतो, त्यात केबिनचा प्रकार पक्का पण नंबर कंपनी ठरवते. तुम्हाला दोन केबिन शेजारी हव्यात, तेव्हा तो पर्याय नको. नंबर स्वतः निवडा आणि दोन्ही केबिनमधलं बाल्कनीचं पार्टिशन उघडतं का ते विचारून घ्या. बऱ्याच बोटींवर ते बिजागरीचं असतं. स्टुअर्डकडे किंवा त्याच्या सुपरवायझरकडे त्याची खास चावी असते, दोन मिनिटांत उघडून भिंतीला अडकवून देतो. मग दोन बाल्कन्यांची एक लांब गॅलरी होते, आजी तिकडून नातीला हाक मारू शकते. काही ठिकाणी मात्र मधलं पार्टिशन पक्क्या पोलादाचं असतं, आग पसरू नये म्हणून केलेली बोटीची ती मुख्य आडभिंत असते. ती कुणी उघडू शकत नाही, स्टुअर्डशी हुज्जत घालून उपयोग नाही.

आता वारा. लोक हा हिशोब करत नाहीत. बोट वीस नॉटने चालली असेल तर ताशी सुमारे 37 किलोमीटर. हवा अगदी पडलेली असली तरी बाल्कनीत तुम्हाला तेवढा वारा लागणारच, आणि समोरून वारा असेल तर त्यात त्याची भर. जूनमध्येही अलास्कात दिवसा दहा-पंधरा अंश असतं, हिमनदीपाशी आणखी उतरतं. आईंना स्वेटर आणि वर वारा न शिरणारं जाकीट, कानटोपी, मोजे. नुसती शाल तिथे टिकत नाही, ती वारा पळवतो. स्टुअर्डला सांगितलंत तर जादा ब्लँकेट देईल. ते बाल्कनीत न्यायला हरकत नाही, फक्त उठून आत येताना आत आणा.

बाल्कनीचं दार जड असतं आणि ते मुद्दाम तसं केलेलं आहे. दार उघडताना केबिनचं कॉरिडॉरकडचं दार बंद आहे ना हे आधी बघायचं, हा नियम घरातल्या सगळ्यांकडून पहिल्याच दिवशी घोकून घ्या. दोन्ही दारं एकाच वेळी उघडी राहिली की केबिनचा बोगदा होतो. टेबलावरचे कागद उडतात ते सोडा, कॉरिडॉरचं जड दार असं आपटतं की मधे हाताचं बोट सापडलं तर तुटतं. मी दोनदा रक्त पुसलंय, एकदा लहान मुलाचं. दार अर्धवट लोटून ठेवायचीही सवय नको. फटीतून रात्रभर शिट्टी वाजते, आणि ती आधी शेजाऱ्याला ऐकू जाते. पुष्कळ बोटींवर दार उघडं राहिलं की केबिनचा एसी आपोआप बंद पडतो. मग 'एसी चालत नाही' म्हणून तक्रार येते आणि आम्ही येऊन दार लावून जातो. पुढे कधी सिंगापूर-फुकेतकडे गेलात तर हे आणखी लक्षात ठेवा. तिकडची दमट हवा गार केबिनमध्ये शिरली की दहा मिनिटांत आरसा घामेजतो आणि फरशी निसरडी होते.

आवाजाबद्दल जरा जास्त बोलतो, कारण माझ्याकडे आलेल्या तक्रारींत धुराच्या खालोखाल नंबर आवाजाचाच होता. उघड्या समुद्रावर आवाज दबायला काही नसतं. तुम्ही आपसात हळू बोलताय असं तुम्हाला वाटतं, कारण वाऱ्याचा आवाज तुमच्याच कानात असतो. शेजारचा मात्र तुमच्या नाशिकच्या जमिनीचा सगळा व्यवहार ऐकत असतो. मराठीत आहे म्हणून कोण समजणार, असं समजू नका. बोटीवर हाउसकीपिंगमध्ये, किचनमध्ये कोकणातली, गोव्यातली, मुंबईतली पोरं ढिगाने असतात. सासू-सुनेची एक जुगलबंदी आम्ही तिघांनी तीन वेगवेगळ्या डेकवरून ऐकली होती, अजून आठवते.

सगळ्यात वाईट म्हणजे स्पीकरवर व्हिडिओ कॉल. पुण्यातल्या काकांना हिमनदी दाखवायची हौस मी समजू शकतो, पण सॅटेलाइटचं नेट अडखळतं, मग माणूस ओरडतो, "दिसतंय का? अहो, दिसतंय का?" आणि शेजारचं जोडपं, ज्यांनी ह्या शांततेसाठी दोन वर्षं पैसे साठवलेत, ते आत निघून जातं. कानात इयरफोन घाला, दोन मिनिटं बोला, संपवा. भजन, अभंग, क्रिकेट कॉमेंटरी, सगळ्याला हाच नियम. खुर्ची ओढू नका, उचलून ठेवा. तुमची फरशी म्हणजे खालच्याचं छत. रात्री दहा ते सकाळी आठ आवाज कुजबुजीपर्यंतच.

एक आवाज मात्र तुमच्या-माझ्या हातात नाही. अलास्कात धुकं पडतं आणि धुक्यात चालत्या बोटीने दोन मिनिटांहून जास्त खंड न पाडता एक लांब भोंगा द्यायचाच, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. लांब म्हणजे चार ते सहा सेकंद. पहाटे तीनला सुरू झाला तर सहापर्यंतही चालू शकतो. पुढच्या बाजूच्या केबिनना तो जास्त लागतो, मध्यावरची केबिन घ्या म्हणालो त्याचं हेही एक कारण. कापूस किंवा इयरप्लग आईबाबांच्या औषधांच्या डबीतच ठेवा. तो भोंगा बंद करा म्हणून रिसेप्शनला फोन करणारे दर मोसमात निघतातच, तुम्ही तरी करू नका.

आता धूर आणि आग, इथे मी थट्टा करणार नाही. 23 मार्च 2006 च्या पहाटे 'स्टार प्रिन्सेस' ही बोट ग्रँड केमनहून जमैकाच्या माँटेगो बेकडे जात होती. एका बाल्कनीवर आग लागली. अर्धवट विझलेली सिगारेट कुणीतरी टाकली असावी, हा चौकशीचा निष्कर्ष. पार्टिशनं आणि खुर्च्या प्लॅस्टिकच्या, समोरून वारा, आग बाल्कनीवरून बाल्कनीवर चढत गेली. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, तेरा जणांना धुराचा त्रास झाला. 79 केबिन निकामी झाल्या आणि आणखी दोनशेच्या वर केबिनचं नुकसान झालं. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले, 1 जुलै 2008 पासून बाल्कनीतलं सामान सहज पेट न घेणारं हवं, नाहीतर तिथे आग शोधणारी आणि विझवणारी यंत्रणा हवी, असं ठरलं. पुढे बहुतेक मोठ्या कंपन्यांनी बाल्कनीत सिगारेट ओढण्यावर पूर्ण बंदी घातली. पकडलं तर काहीशे डॉलर बिलात लागतात.

म्हणून बाबांच्या पूजेचं स्पष्ट सांगतो. निरांजन नाही, उदबत्ती नाही, धूप नाही, कापूर नाही. केबिनमध्ये नाही आणि बाल्कनीत तर अजिबात नाही. 'एवढीशी वात, लगेच विझवतो' म्हणून गयावया करणारे आजोबा मी पाहिलेत. मलाच वाईट वाटायचं, पण हात जोडून नाही म्हणायचो. बॅटरीवरची पणती मिळते, ती चालते. बाबांना सांगा, सूर्यनमस्कार घाला, स्तोत्र म्हणा, अर्घ्य मात्र न्हाणीघरातच द्या. खाली डेकवर पाणी पडलं की खालचा माणूस वर बघून काय म्हणेल ते संस्कृतात नसतं.

त्याच यादीत इस्त्री, छोटी इलेक्ट्रिक किटली, एक्स्टेंशन बोर्ड. बॅग चढवताना एक्स-रेमध्ये हे सगळं दिसतं, काढून ठेवतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. चहाचं गरम पाणी बुफेवर जवळपास दिवसभर मिळतं. चहा मसाल्याची डबी न्या, काम भागतं. लाडू-चिवड्याचं म्हणाल तर घरी केलेलं पुष्कळ कंपन्या चढू देत नाहीत, कारखान्यात सीलबंद केलेली पाकिटं चालतात. बाकरवडी सीलबंद असते, सुटलात.

कपडे. आईंना हे पटवणं सगळ्यात कठीण जाईल, कारण ऊन आहे, वारा आहे, कठडा आहे, आणि बाईमाणूस ओला टॉवेल न्हाणीघरात कोंडून ठेवत नाही. एकदा कॅरिबियनमध्ये एका मावशींनी गुलाबी साडी कठड्यावर वाळत घातली, दोन टोकांना चिमटे लावून. बोटीने वेग घेतला आणि साडी उडाली. दोन डेक खाली बसलेल्या गृहस्थांना डोळ्यांसमोरून काहीतरी मोठं, गुलाबी, फडफडत खाली जाताना दिसलं. त्यांनी रिसेप्शनला फोन केला: माणूस पडला. पुढच्या पंधरा मिनिटांत सिक्युरिटीने कॅमेरे तपासले आणि त्या बाजूच्या रांगेतली एकेक केबिन ठोठावली. मावशी दार उघडून म्हणाल्या, "माझी साडी दिसली का?" ब्रिजवर, म्हणजे जिथून बोट चालवतात तिथे, तोवर सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. मावशींना कुणी रागावलं नाही, पण माझ्या साहेबांनी मला मात्र अर्धा तास ऐकवलं, कारण केबिन माझी.

कठड्यावर काहीच घालायचं नाही. टॉवेल नाही, मोजे नाहीत, पोहण्याचे कपडे नाहीत. न्हाणीघरात शॉवरवर बहुतेक ठिकाणी एक ओढून काढायची दोरी असते, तिच्यावर हलके कपडे वाळतात. केबिनच्या भिंती सहसा पोलादी असतात, त्यामुळे लोहचुंबकाचे हुक चिकटतात. सहा-आठ घेऊन या. टोप्या, जाकिटं, पर्स सगळं भिंतीवर जातं आणि खुर्च्या बसायला मोकळ्या राहतात. काही बोटींवर प्रवाशांसाठी नाणी किंवा कार्ड टाकून चालणारी वॉशिंग मशीन असतात, काहींवर नसतातच. बुकिंगच्या वेळी विचारा. आणि पाच-सहा साधे कपड्यांचे चिमटे आणायचे ते पडद्यासाठी. जूनच्या शेवटी अलास्कातल्या जूनो शहरात सूर्य रात्री दहानंतर मावळतो आणि पहाटे चारच्या आत उगवतो. पडद्याच्या मधल्या फटीतून उजेडाची सुरी बरोबर डोळ्यांवर येते. चिमटे लावा, झोपा.

समुद्रात काही टाकायचं नाही, हे निराळं सांगायची वेळ आपल्याच लोकांमुळे येते. नारळी पौर्णिमेला आम्हीही वेंगुर्ल्याच्या बंदरावर नारळ वाहतो. पण तो नारळ किनाऱ्यावरून, कोळ्यांच्या हातून जातो. बारा मजली बोटीच्या नवव्या डेकवरून टाकलेलं निर्माल्य समुद्रात पोचतच नाही. वारा ते तीन केबिन मागे, दोन डेक खाली कुणाच्या तरी कॉफीत नेऊन सोडतो. पान-तंबाखूची पिचकारी तर बोलूच नये. बोटींवरून प्लॅस्टिक समुद्रात टाकण्याला जगभर बंदी आहे, आणि कंपन्या प्रवाशाने काहीही टाकलं तर पुढच्या बंदरात उतरवूनसुद्धा देऊ शकतात. फुलं कागदात गुंडाळून स्टुअर्डला द्या. तो आपल्याकडचा निघाला तर डोक्याला लावून घेईल. खायचं बाल्कनीत जरूर खा, पण समुद्रपक्ष्यांना घालू नका. एकाला घातलं की वीस येतात, आणि ते जाताना जे ठेवून जातात ते शेजाऱ्याच्या पार्टिशनवर ठेवतात.

लेकीबद्दल. कठडा कमी उंचीचा नसतो. अमेरिकेच्या 2010 च्या कायद्याप्रमाणे तो किमान 42 इंच हवा, म्हणजे साधारण साडेतीन फूट. चार वर्षांच्या मुलीच्या डोक्याच्या आसपास. धोका कठड्यापेक्षा खुर्चीचा आणि पाय ठेवायच्या छोट्या टेबलाचा. मूल त्यावर चढतं. पहिल्याच दिवशी स्टुअर्डला सांगून टेबल बाहेर न्यायला लावा आणि खुर्च्या भिंतीला टेकवून ठेवा. दाराला वर, मुलांचा हात पोचणार नाही अशी खीळ किंवा कडी असते का ते बघा. बऱ्याच ठिकाणी असते. दिवसातून दहा वेळा लावा. आणि मोठ्यांपैकी कुणीही, फोटोसाठीसुद्धा, तिला उचलून कठड्यावर बसवायचं नाही. 'मी घट्ट धरलंय' हे वाक्य मला ऐकायचं नाही. पार्टिशन उघडून घेतलंत तर धोका दुप्पट हेही लक्षात ठेवा: आता आजीच्या केबिनचंही दार तिला उघडं आहे.

रात्री आत जाताना बाल्कनीचा दिवा बंद करा. पुढच्या भागातल्या केबिनना पडदे ओढायची विनंतीही करतात, कारण ब्रिजवर पहाऱ्याला उभ्या असलेल्यांना अंधारात लांबचं दिसायला हवं. तुम्हालाही दिवा बंद केल्यावरच तारे दिसतील, जरी जूनमध्ये अंधार थोडाच. आणि काचेचा कठडा दोन्हीकडून काच असतो. समुद्रात कोण बघतंय म्हणून पंचा गुंडाळून बाहेर आलेले किती तरी काका सकाळी उठून बघतात तर बोट बंदराला लागलेली, समोर दुसऱ्या क्रूझच्या दोनशे बाल्कन्या. बोटीच्या कडेला बाहेर काढलेल्या ब्रिजच्या टोकावरून अख्खी बाजू दिसते, हेही सांगून ठेवतो.

आता ज्यासाठी हे सगळं करायचं ती सकाळ. तुमच्या वेळापत्रकात ग्लेशियर बे, हे अलास्कातलं हिमनद्यांचं राष्ट्रीय उद्यान, असेल तर तो दिवस बाल्कनीचा. तिथे दिवसाला दोनच मोठ्या क्रूझना प्रवेश आहे, म्हणून ती परवानगी मिळालेली बोट निवडणं हे डावी-उजवीपेक्षा जास्त महत्त्वाचं. सकाळी पार्कचे रेंजर बोटीवर चढतात आणि माहिती सांगतात. ती उघड्या डेकवर आणि केबिनमधल्या टीव्हीवर ऐकू येते. टीव्हीचा आवाज हळू ठेवून दार थोडा वेळ उघडलंत तर बाल्कनीत बसून ऐकता येईल, शेजारीही बहुधा तेच करत असतात. तिथल्या मार्जरी हिमनदीची कडा जवळ जवळ दीड किलोमीटर रुंद आहे. बोट समोर थांबते, इंजिनाची घरघर उतरते आणि अचानक एवढ्या मोठ्या बोटीवर कुणी बोलत नाही. बर्फाचा तुकडा कोसळतो तो आधी दिसतो, आवाज मागून येतो. एक किलोमीटरवर कोसळला तर सुमारे तीन सेकंदांनी. म्हणून आवाज ऐकून मान वळवणाऱ्याला काहीच सापडत नाही. एका जागी नजर धरून बसावं लागतं, बगळ्यासारखं. आईबाबांना दुर्बीण द्या, सात किंवा आठ पटीची. दहा पटीची हातात थरथरते.

बोट फिरून तुमची बाजू पलीकडे गेली की मात्र बाल्कनी सोडा आणि वर उघड्या डेकवर जा. सगळं बाल्कनीतूनच बघायचा हट्ट धरणारे अर्धी हिमनदी चुकवतात.

बोट लागण्याची भीती आईंना असेल तर बाल्कनी उपयोगाची आहे: बाहेर बसून क्षितिजावर नजर ठेवली की मळमळ कमी होते. आलेपाक बरोबर ठेवा. इनसाइड पॅसेजचं पाणी बेटांच्या आडोशाने शांत असतं. व्हँकुव्हर-स्यूअर्डमध्ये हलवते ती शेवटची, अलास्काच्या आखातातली मोकळ्या समुद्राची पट्टी. गोळ्या घ्यायच्या तर त्यांच्या रक्तदाबाच्या औषधांसोबत चालतात का ते नाशिकच्या डॉक्टरांना निघण्याआधीच विचारून घ्या.

शेवटी आमच्या बाजूचं थोडं. कठड्यावर आणि खुर्च्यांवर मिठाचा चिकट थर रोज बसतो. सकाळी बसण्याआधी खुर्ची पुसायला एक जुना टॉवेल स्टुअर्डकडून मागून घ्या, आंघोळीचा पांढरा टॉवेल वापरू नका. बंदरात बोट उभी असताना बाल्कन्या धुतल्या जातात. आदल्या दिवशी तशी चिठ्ठी येते, त्या सकाळी पडदा ओढून ठेवा आणि बाहेरचं सामान आत घ्या, नाहीतर समोर अचानक पाण्याचा पाइप घेतलेला माझ्यासारखा कुणीतरी उभा असेल आणि दोघेही लाजाल. माझ्याकडे सोळा ते वीस केबिन असायच्या. सकाळी तुम्ही नाश्त्याला किती वाजता जाता एवढं स्टुअर्डला पहिल्या दिवशी सांगितलंत तर त्याचा दिवस सोपा होतो आणि तुमची केबिन वेळेत होते. बहुतेक अमेरिकी कंपन्या बक्षिसीची रक्कम रोज माणशी आपोआप बिलात लावतात. वर आणखी द्यायचं असेल तर शेवटच्या दिवशी देण्याऐवजी तिसऱ्या दिवशी द्या, आणि नावाने हाक मारा. नाव छातीवर लिहिलेलं असतं.

उतरायच्या आदल्या रात्री मोठ्या बॅगा कॉरिडॉरमध्ये ठेवायला सांगतात आणि सकाळी घाई असते. केबिन सोडताना बाल्कनीत एकदा डोकावा. आम्हाला तिथे सगळ्यात जास्त काय सापडायचं सांगू? चपला. ज्येष्ठ मंडळी बाल्कनीच्या दाराशी चपला काढतात, देवळात जावं तशा, आणि मग बोटीच्या कापडी सपात्या घालूनच विमानतळावर पोचतात.